लॅपटॉपशिवाय परदेश प्रवास : फोटोंना जागा आणि फोटोंची दुसरी प्रत

परदेश प्रवासाला निघताना लॅपटॉप घरी ठेवण्याचा निर्णय खांद्याला मानवतो. पण कॅमेऱ्यातले कार्ड भरत आले, की फोटो ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न एक वाटला तरी त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. काढलेले सगळे फोटो मावतील एवढी जागा जवळ असणे हा पहिला प्रश्न, आणि प्रत्येक फोटोची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असणे हा दुसरा. जागेचा प्रश्न दोन-चार जादा कार्डे घेतली की सुटतो. प्रतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. या दोहोंची गल्लत झाली, की माणूस जागा करण्यासाठी कार्डावरचे फोटो डिस्कवर हलवतो, कार्ड पुसून पुन्हा वापरायला घेतो, आणि तीन आठवड्यांचा सगळा प्रवास एकाच डिस्कवर, एकाच बॅगेत येऊन बसतो. पुढे सांगितलेली पद्धत ही गल्लत टाळण्यासाठी आहे. तिला एक फोन, एक कार्ड रीडर, एक लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली बाहेरची डिस्क) आणि रोज रात्रीचा अर्धा तास पुरतो.

निघण्यापूर्वीचा हिशेब

किती जागा लागेल याचा अंदाज कागदावर मांडावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला चांगल्या प्रतीचा जेपेग फोटो साधारण १० एमबीचा असतो आणि त्याच कॅमेऱ्यातली रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली माहिती) २५ ते ५० एमबीपर्यंत जाते. रोज ३०० फोटो आणि १५ दिवस धरले, तर ४,५०० फोटो होतात. नुसत्या जेपेगला सुमारे ४५ जीबी लागतात, आणि ३० एमबीची रॉ फाइलही सोबत ठेवली तर एकूण आकडा १८० जीबीपर्यंत पोहोचतो. व्हिडिओचा हिशेब मात्र वेगळाच आहे, आणि तोच बहुतेकांचा चुकतो. १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) दराने घेतलेला फोर-के व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी खातो, म्हणजे दिवसाला फक्त १० मिनिटे चित्रण केले तरी १५ दिवसांत ११० जीबीच्या वर जागा जाते. आलेल्या बेरजेवर निम्मी भर टाकावी, कारण घरी बसून ठरवलेले रोजचे ३०० फोटो नव्या शहरात पहिल्याच संध्याकाळी मागे पडतात.

एवढ्या जागेसाठी एकच मोठे कार्ड घ्यावे की अनेक लहान, यावर मतभेद आहेत. एकच कार्ड हरवले किंवा बिघडले तर सर्व जाते. फार लहान कार्डे घेतली तर ती सतत बदलताना हातातून निसटतात. ६४ किंवा १२८ जीबीची तीन-चार कार्डे हा मला मधला आणि व्यवहार्य मार्ग वाटतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली, म्हणजे फायली ठेवण्यासाठी आतली जागा आखलेली, असतात आणि त्याहून मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीने; हा फरक पुढे फोनला कार्ड जोडताना महत्त्वाचा ठरतो. नवीन कार्ड घेतल्यावर ते एकदा काठोकाठ भरून पाहावे. बनावट कार्डे आपली क्षमता फुगवून सांगतात आणि खरी जागा संपल्यावर आलेल्या फायली निमूटपणे गिळतात. घरच्या संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री यांसारखे मोफत साधन चालवले, की ही लबाडी उघडी पडते. प्रवासात ती कळून उपयोग नसतो.

मूळ फोटो कार्डावरच राहू द्यावेत

या पद्धतीचा पाया एका नियमावर आहे, आणि तो म्हणजे घरी परतेपर्यंत कोणतेही कार्ड पुसायचे नाही. कार्ड ही मूळ प्रत आणि एसएसडी ही दुसरी प्रत. कार्डे पुरेशी असतील तर हा नियम पाळणे सोपे जाते. म्हणूनच जादा कार्डांवरचा खर्च हा एसएसडीच्या खर्चाइतकाच आवश्यक मानावा. कार्ड भरले की ते कव्हरात उलटे, म्हणजे नाव असलेली बाजू आत करून ठेवावे; रिकामी कार्डे सुलटी. अंधाऱ्या बसमध्ये घाईने कार्ड बदलताना हीच साधी खूण कामाला येते. मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या कडेला जी बारीक सरकपट्टी असते, तीही भरलेल्या कार्डावर खाली सरकवून लॉक करावी, म्हणजे चुकून कॅमेऱ्यात परत गेले तरी त्यावर काही लिहिले जाणार नाही. मायक्रोएसडीला अशी पट्टी नसते.

ज्यांच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांच्या खाचा आहेत, त्यांनी दुसरी खाच बॅकअपसाठी लावावी. मग प्रत्येक फोटो टिपताक्षणीच दोन कार्डांवर उमटतो आणि रात्रीचे निम्मे काम आधीच झालेले असते. मात्र दोन्ही कार्डे कॅमेऱ्यातच असल्यामुळे कॅमेरा गेला तर दोन्ही प्रती जातात. त्यामुळे रात्री एक कार्ड काढून दुसऱ्या बॅगेत ठेवण्याची सवय हवी.

फोनला संगणकाचे काम देणे

पूर्वी लॅपटॉपशिवाय फिरणारे लोक सायबर कॅफेत जाऊन कार्डावरचे फोटो सीडीवर उतरवून घेत, किंवा कार्डाची खाच असलेली बॅटरीवरची हार्ड डिस्क बाळगत. आज हे काम खिशातला फोन करतो, कारण कार्ड आणि एसएसडी यांच्यामध्ये उभे राहून फायली इकडून तिकडे पोहोचवणे त्याला जमते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय ओटीजी या नावाने फार पूर्वीपासून आहे. आयफोनमध्ये ती २०१९ साली आयओएस १३ सोबत 'फाइल्स' ॲपमध्ये आली, आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी खाच मिळाल्यावर जोडणीही सोपी झाली. त्याआधीच्या आयफोनसाठी लाइटनिंगचा अडॅप्टर लागतो, आणि तो घेताना चार्जर जोडण्याची वेगळी खाच असलेलाच घ्यावा, कारण तो फोन बाहेरच्या डिस्कला पुरेशी वीज देत नाही आणि जोडलेले साधन जास्त वीज मागते असा संदेश दाखवून काम थांबवतो.

खरेदी करायच्या वस्तू मोजक्याच आहेत. पहिली वस्तू म्हणजे यूएसबी-सी हब (फोनच्या एका खाचेला अनेक साधने जोडणारी डबी; हाच आपला कार्ड रीडर), ज्यात एसडी कार्डाची खाच, निदान एक यूएसबी खाच आणि चार्जिंगची खाच असावी. दुसरी, ५०० जीबी किंवा १ टीबीची एसएसडी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क टाळलेली बरी. ती वीज जास्त खाते आणि चालू असताना टेबलावरून पडली तर बहुधा परत उभी राहत नाही. पेन ड्राइव्ह स्वस्त आणि लहान असतो, पण मोठी प्रत घेताना तो तापतो, त्याचा वेग घसरतो आणि बारीक असल्यामुळे हरवतोही लवकर. एखाद-दोन आठवड्यांच्या जेपेग फोटोंसाठी तो चालेल, त्यापुढे एसएसडीच घ्यावी.

एसएसडी निघण्यापूर्वी संगणकावर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावी. बाजारातून आलेल्या अनेक डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीच्या असतात. त्यांवर आयफोनला लिहिता येत नाही आणि पुष्कळ अँड्रॉइड फोनलाही येत नाही. फॅट३२ मध्ये एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे, त्यामुळे मोठा व्हिडिओ आला की प्रत अडते. काही अँड्रॉइड फोन एक्सफॅटही ओळखत नाहीत, आणि तुमचा फोन त्यांपैकी आहे की नाही हे जोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. डिस्कला संगणकावरच्या सॉफ्टवेअरने पासवर्ड लावला असेल, तर तो फोनवर उघडतो की नाही हेही तपासावे.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच रंगीत तालीम करावी. ५० फोटो आणि ५ मिनिटांचा एक व्हिडिओ कार्डावर घ्यावा, हब, कार्ड आणि एसएसडी जोडून फोनवरून प्रत करावी, आणि ती एसएसडी नंतर संगणकाला लावून सगळ्या फायली उघडतात का ते पाहावे. या तालमीत निघालेली अडचण केबल बदलून किंवा डिस्क पुन्हा फॉरमॅट करून सुटते. तीच अडचण परक्या शहरात रात्री अकराला निघाली तर सुटणे कठीण.

एक धोका इथेच सांगितला पाहिजे. कार्ड किंवा डिस्क ओळखता आली नाही, तर अँड्रॉइड फोन ती बिघडली आहे किंवा तिला आधार नाही असे सांगतो आणि ती वापरण्याजोगी करून देण्याची तयारी दाखवतो. ही तयारी म्हणजे सरळ फॉरमॅट, म्हणजे सगळे पुसणे, असते. फोटो असलेले कार्ड जोडलेले असताना असा संदेश आला, तर त्याला हात न लावता कार्ड बाहेर काढावे. कॅमेऱ्यातले मायक्रोएसडी कार्ड फोनच्या आतल्या खाचेत घालणेही याच कारणाने टाळावे. काही फोन ते आपली अंतर्गत जागा म्हणून मागतात, आणि तसे होऊ दिले तर त्यावरचे सगळे पुसले जाऊन कार्ड त्या फोनपुरतेच बांधले जाते.

रोज रात्रीची पायरी

खोलीवर परतल्यावर आधी फोन चार्जिंगला लावावा, तोही हबमधून, म्हणजे डिस्कला वीज मिळेल आणि मध्येच बॅटरी संपणार नाही. एसएसडी जोडावी, मग कार्ड घालावे. फोनच्या फाइल ॲपमध्ये दोन्ही वेगवेगळी दिसायला हवीत. एसएसडीवर त्या दिवसाचे नवे फोल्डर करावे आणि त्याचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, जसे '२०२५-१०-०७ कार्ड २'. हा क्रम ठेवला की फोल्डर आपोआप तारखेनुसार लागतात. नंतर कार्डावरचे डीसीआयएम हे फोल्डर (कॅमेरा फोटो त्यातच ठेवतो) उघडून त्या दिवसाच्या फायली निवडाव्यात आणि 'कॉपी' करून नव्या फोल्डरात चिकटवाव्यात. 'मूव्ह' हा पर्याय शेजारीच असतो, तो कधीही वापरू नये. मध्येच केबल हलली तर हलवणे अर्धवट राहते आणि कोणती फाइल कुठे गेली हे शोधत बसावे लागते.

रोज नवे फोल्डर करण्यामागे एक ठोस कारण आहे. कॅमेरा फायलींना चार आकडी क्रमांक देतो आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू करतो. कॅमेऱ्याची मांडणी तशी असेल तर कार्ड बदलल्यावरही क्रम नव्याने सुरू होतो. त्यामुळे एकाच नावाचे दोन फोटो असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. माझ्या एका प्रवासात सगळी कार्डे एकाच फोल्डरात उतरवण्याची चूक झाली. तिसऱ्या रात्री फोनने विचारले, की या नावाच्या फायली आधीच आहेत, त्या बदलायच्या का? झोप अनावर झाली होती आणि 'सर्व बदला' दाबले गेले. पहिल्या दिवशीच्या बाजारातल्या फोटोंवर तिसऱ्या दिवशीचे बंदर येऊन बसले. पहिले कार्ड पुसलेले नव्हते, म्हणून दुसऱ्या सकाळी ते पुन्हा उतरवता आले. तेव्हापासून कॅमेऱ्यात क्रमांक सलग चालू ठेवण्याचा पर्याय निवडलेला असतो आणि फोल्डर रोज वेगळे असते.

प्रत चालू असताना फोनचा पडदा चालू राहू द्यावा आणि दुसरे ॲप उघडू नये, कारण पडदा बंद झाल्यावर काही फोन हे काम थांबवतात. वेळ किती लागेल हे जोडणीच्या वेगावर अवलंबून असते. यूएसबी २ च्या वेगाने सेकंदाला साधारण ३० ते ३५ एमबी जातात, म्हणजे १२ जीबीला सहा-सात मिनिटे. यूएसबी ३ असेल तर कार्डाच्या वेगाप्रमाणे दोन-तीन मिनिटे. आयफोन १५ च्या साध्या आवृत्तीची यूएसबी-सी खाच यूएसबी २ च्याच वेगाने चालते, ही गोष्ट जाता जाता लक्षात ठेवावी.

प्रत संपल्यावर तपासणी. कार्डावर निवडलेल्या फायलींची संख्या आणि एसएसडीवरच्या फोल्डरातली संख्या जुळते का, ते पाहावे. एकूण आकारही जुळवावा. मग पहिला, मधला आणि शेवटचा फोटो एसएसडीवरून उघडावा, आणि सर्वांत मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून पाहावा. लहानसे चौकोनी चित्र दिसले म्हणजे फोटो सुखरूप आला असे नाही. अर्धवट फाइलचेही ते दिसू शकते. अँड्रॉइडवर डिस्क 'इजेक्ट' करूनच केबल काढावी. तसा पर्याय दिसत नसेल तर काम संपल्यावर अर्धा मिनिट थांबून काढावी.

फोनमधल्या फोटोंचे काय

कॅमेऱ्याच्या फोटोंची एवढी काळजी घेणारे लोकही फोनने काढलेले फोटो विसरतात. वास्तविक चोरीला जाण्याचा, पाण्यात पडण्याचा किंवा टॅक्सीत राहण्याचा सर्वांत जास्त धोका फोनलाच असतो, आणि त्यातल्या फोटोंची दुसरी प्रत बहुधा नसते. रात्री एसएसडी जोडलेलीच असते, तेव्हा अँड्रॉइडवर फोनच्या डीसीआयएम फोल्डरातल्या दिवसभराच्या फायलीही तिच्यावर घ्याव्यात. आयफोनवर फोटो निवडून शेअरच्या यादीतला मूळ फाइल निर्यात करण्याचा पर्याय वापरावा आणि ठिकाण म्हणून एसएसडी निवडावी.

घरच्यांना मेसेजिंग ॲपवर पाठवलेले फोटो ही प्रत समजू नये. ते आकुंचित होऊन जातात. जसेच्या तसे पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे लागतात. कॅमेऱ्याच्या वाय-फायने फोनवर येणारे फोटोही पुष्कळदा २ मेगापिक्सेलपर्यंत लहान केलेले असतात, ते बघायला आणि पाठवायला ठीक आहेत.

क्लाउडवर किती विसंबावे

दोन प्रती जवळ असल्या तरी दोन्ही तुमच्याबरोबरच प्रवास करतात, म्हणून तिसरी प्रत दूर असावी, हा विचार बरोबर आहे. अडचण इंटरनेटची असते. राहण्याच्या ठिकाणचे वाय-फाय अपलोडसाठी अनेकदा २ एमबीपीएसच देते. त्या वेगाने दिवसाचे १२ जीबी वर चढायला १३ तासांहून अधिक लागतात. १० एमबीपीएस मिळाले तर तेच काम पावणेतीन तासांत होते. म्हणून सगळे वर चढवण्याचा हट्ट सोडावा. दिवसातले चाळीस-पन्नास निवडक फोटो मूळ आकारात वर टाकावेत, आणि रॉ फायली व व्हिडिओ घरी आल्यावर. ॲपमध्ये 'फक्त वाय-फायवर' हा पर्याय चालू आहे ना, ते निघण्यापूर्वीच पाहावे, नाहीतर रोमिंगचा डेटा झोपेत संपतो.

जागाही आधी तपासावी. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मोफत मिळणारे १५ जीबी ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटले जातात. आयक्लाउड ५ जीबी मोफत देते. प्रवासाच्या महिन्यापुरती जागा विकत घेणे सोयीचे पडते. गुगल फोटोजमध्ये जागा वाचवणारा पर्याय निवडलेला असेल तर फोटो आकुंचित होतात आणि १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो तेवढे लहान केले जातात, हेही ध्यानात असू द्यावे.

क्लाउडबद्दलचा सर्वांत महागडा गैरसमज म्हणजे वर गेलेला फोटो फोनवरून निर्धास्तपणे काढून टाकता येतो, हा. गुगल फोटोज किंवा आयफोनचे फोटो ॲप वापरून फोटो काढून टाकला, तर तो क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत तो गुगलकडे ६० दिवस आणि आयक्लाउडकडे ३० दिवस राहतो, एवढाच दिलासा. फोनवर जागा करायची असेल तर ॲपमधला जागा मोकळी करण्याचा खास पर्याय वापरावा, तोही फोटो क्लाउडवर पोहोचल्याची खात्री करून.

खाते उघडण्याची किल्लीही सोबत हवी. बहुतेक खाती नव्या देशातून उघडताना ओटीपी मागतात, आणि तो येतो घरच्या सिमवर, जे त्या वेळी फोनच्या बाहेर किंवा चोरीला गेलेल्या फोनमध्ये असते. गुगल खात्याचे राखीव कोड निघण्यापूर्वी काढून कागदावर लिहावेत आणि पासपोर्टपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. काही देशांत सेवाच उपलब्ध नसते. चीनमध्ये गुगलच्या सेवा तिथल्या इंटरनेटवरून उघडत नाहीत, तेव्हा त्या प्रवासात क्लाउडचा हिशेब आधीच वेगळा धरावा.

प्रती कुठे ठेवायच्या

कार्डे आणि एसएसडी एका बॅगेत कधीही ठेवू नयेत. कार्डे अंगावर, म्हणजे आतल्या खिशात किंवा कंबरेच्या पाकिटात. एसएसडी मोठ्या बॅगेत किंवा खोलीतल्या तिजोरीत. दोघे प्रवास करत असतील तर कार्डे एकाकडे आणि एसएसडी दुसऱ्याकडे, ही सर्वांत सोपी वाटणी. विमानात मात्र दोन्ही केबिन बॅगांतच असावीत, फक्त वेगवेगळ्या. पॉवर बँकही केबिनमध्येच न्यावी लागते, चेक-इन सामानात ती चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचची पॉवर बँक सहसा वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, तरी आपल्या विमान कंपनीचे नियम वाचून घ्यावेत. विमानतळावरच्या एक्स-रेने मेमरी कार्डे बिघडत नाहीत; तो धोका फिल्मला असतो.

कार्डाने घात केला तर

कॅमेऱ्याने कार्ड वाचता येत नसल्याचा संदेश दिला, तर तिथेच थांबावे. कॅमेरा सुचवेल तरी फॉरमॅट करू नये आणि त्या कार्डावर एकही नवा फोटो घेऊ नये. एकदा बंद करून, कार्ड काढून पुन्हा घालून पाहावे. तरीही नाही जमले तर ते लॉक करून, त्यावर खूण करून बाजूला ठेवावे. पुसलेल्या किंवा बिघडलेल्या कार्डावरचे फोटो नवीन काही लिहिले जाईपर्यंत पुष्कळदा तिथेच असतात, आणि घरी संगणकावर फोटोरेक हे मोफत साधन चालवून ते परत मिळू शकतात. प्रवासात फोनवरून अशी दुरुस्ती करण्याच्या भरीस पडू नये.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशीच, झोप झाल्यावर, सगळी कार्डे एकेक करून संगणकावर उतरवावीत. एसएसडीवरून नव्हे, कार्डावरूनच, कारण मूळ प्रत तीच आहे. फायलींची संख्या आणि एकूण आकार एसएसडीशी ताडून पाहावा. एखादे कार्ड वाचले गेले नाही, तर त्या दिवसांचे फोटो एसएसडीवरून घ्यावेत. संगणकावरच्या संग्रहाचा नेहमीचा बॅकअप पूर्ण झाला, की कार्डे कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करावीत आणि कव्हरात पुन्हा सुलटी लावावीत. एसएसडीवरचे फोल्डर मात्र पुढचा प्रवास ठरेपर्यंत तसेच राहू द्यावेत.